मिरचीचा उपास

काशीत पोवळं दोन दुकानांत मिळतं. सराफाकडे ते रत्तीवर विकलं जातं आणि कडक मंगळवाल्यांच्या अनामिकेत जाऊन बसतं. वैद्याकडे ते गुलाबपाण्यात खलून खलून पिष्टी झालेलं असतं आणि पित्तानं हैराण झालेल्यांच्या पोटात जातं. दोन्हीकडे ते मेलेलंच. बोटातला तांबडा खडा म्हणजे इवल्याइवल्या प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा आहे, असं एखाद्या अंगठीवाल्याला सांगून पाहा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग पत्रिकेकडे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहून गेला आहे की रोमला हिंदुस्थानच्या मोत्यांचं जेवढं मोल, तेवढंच हिंदुस्थानला पोवळ्याचं. भूमध्य समुद्रातून निघालेलं पोवळं तेव्हा भडोचच्या बंदरात उतरत असे. म्हणजे निदान दोन हजार वर्षं आपण पोवळं मिरवतो आहोत आणि पुढे पुढे तर खातोही आहोत. पोवळ्याला खायला घालण्याची वेळ मात्र आपल्यावर सहसा आली नाही.

माझ्यावर ती आली. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत अजून काही मराठी घरं तग धरून आहेत, त्यांतलं एक आमचं. मराठी आमच्या तोंडी टिकली, पण तिच्यात बनारस पुरतं मुरलं. या घराच्या माजघरात मी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आहे. इथून सगळ्यांत जवळचा समुद्र म्हणजे ओडिशातला बालासोरचा किनारा, आणि तोही सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हा समुद्र घरीच कालवावा लागतो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. हे मीठ स्वयंपाकघरातलं नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार मोजूनमापून घातलेले असतात. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ भरलं की समुद्र झाला. मग तो टिकवायचा. मे महिन्यात लू सुटते आणि पारा ४५ अंशांकडे धावतो, तेव्हा चिलर. पौषात हाडं गोठतात, तेव्हा हीटर. वीज गेली की इन्व्हर्टर. पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर फक्त गोड्या पाण्याची, आणि तेही गाळून गाळून निव्वळ पाणीच उरेल असं. गंगाजल का चालत नाही, हे घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो. गंगेत हिमालयाची माती आहे, वाटेवरच्या शेतांचं खत आहे, शहरांचं सांडपाणी आहे. भाविकाला ते पचतं, प्रवाळाला पचत नाही. आत्याला हे कारण पटलेलं नाही. "दाराशी गंगा, आणि तू मशीनच्या पाण्यात विकतचं मीठ कालवतोस," ती म्हणते. "तुझ्या पणजोबांनी हे पाहिलं असतं तर आल्या पावली कोकणात परत गेले असते."

कायद्याचंही बघावं लागतं. टणक सांगाड्याची सगळी प्रवाळं आणि पंख्याच्या आकाराची सागरी प्रवाळं २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला बसली. मालवणच्या खडकावरचा तुकडाही कुणाला उचलता येत नाही. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या १८ वसाहती आल्या, तेव्हा २०२० मध्ये रीतसर परवानग्या काढून, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीनं त्या दुसऱ्या खडकांवर नेऊन बसवाव्या लागल्या. त्यामुळे मी घेतलं ते मऊ अंगाचं प्रवाळ, परदेशातून आलेलं, आयातीचे कागद पाहून. कोलकात्याच्या दुकानातून निघालेली थर्मोकोलची पेटी एका ओळखीच्या माणसाबरोबर विभूती एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून आली. आत प्राणवायू भरलेली पिशवी, आणि पिशवीत बोटभर लांबीचं, फांद्या फुटलेलं, लालभडक काहीतरी. या प्रवाळाला बाजारात चिली कोरल म्हणतात. आमच्या घरात ते लगेच मिरची झालं.

मिरची मिटलेली असली की उन्हात वाळत घातल्यासारखी सुरकुतलेली दिसते. उमलली तर तिच्या अंगभर पांढरे देह बाहेर येतात, प्रत्येकाला आठ हात आणि प्रत्येक हाताच्या दोन्ही कडांना बारीक दाते. अंगठीतलं पोवळं जिवंतपणी असंच असतं: लाल अंग, पांढरे अष्टभुज देह. दोघांचं कूळ एकच, फक्त पोवळ्याचा सांगाडा दगडाचा आणि मिरचीच्या मांसात चुन्याचे सूक्ष्म काटे विखुरलेले. हे सगळं मला पुस्तकांतून ठाऊक होतं. टाकीतली मिरची काही उमलत नव्हती.

उमलली नाही तर ती मरणार, हेही ठाऊक होतं. उथळ समुद्रातली बहुतेक प्रवाळं आपल्या पेशींत सूक्ष्म शैवाल सांभाळतात. ऊन पडलं की शैवाल साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. अशा प्रवाळाला चांगला दिवा दाखवला की पोटाची निम्मी चिंता मिटते. १९२८-२९ मध्ये सी. एम. यंग हे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ आपला चमू घेऊन ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर मुक्काम ठोकून राहिले. प्रवाळं कशी खातात ते त्यांनी तासन्‌तास पाहिलं आणि ही मंडळी निव्वळ मांसाहारी आहेत, असा निर्वाळा दिला. शैवालाकडून त्यांना केवढी रसद मिळते, ते पुढे किरणोत्सारी कार्बनच्या प्रयोगांनी दाखवलं. मिरचीपुरते मात्र यंगसाहेब शंभर टक्के खरे. तिच्याकडे शैवाल नाही. ती कपारीत, अंधारात वाढते आणि जे खायचं ते वाहत्या पाण्यातून टिपते. त्यातही तिच्या दंशपेशी दुबळ्या. धडपडणारं मोठं भक्ष्य तिला आवरत नाही. तिला लागतात अगदी बारीक जीव. म्हणून खिडकीत मी एका बाटलीत हिरवं शैवाल वाढवतो, ते दुसऱ्या बाटलीतल्या रोटिफरना घालतो, आणि जेमतेम पाव मिलिमीटर भरणारे ते रोटिफर मिरचीसाठी. बोटभर जिवाच्या जेवणासाठी दोन बाटल्यांची शेती झाली.

शेती पिकली, पण जेवणारी उठेना. मी सिरिंजनं रोटिफर सोडायचो, ते ढगासारखे पसरायचे, गाळणीत जायचे, मरायचे. न खाल्लेलं अन्न टाकीत दुसरं रूप घेतं. आधी अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट. काचेवर तपकिरी साय धरते, खडकांवर शेवाळाचे केस वाढतात, आणि तोच बुळबुळीत थर मिरचीच्या अंगावरही चढायला लागतो. म्हणजे जितकं जास्त वाढावं तितकी तिची उमलण्याची शक्यता कमी. गल्लीतले शेजारी जाता-येता दारातून डोकावत: "का गुरु, ई खात हौ कि नाहीं?" आत्याचे रोज निरनिराळे उपाय. पानावर बसलेल्या पाहुण्यानं हात आडवा धरला तरी त्याच्या बोटांच्या फटीतून भात सोडणारी ही बाई. तिच्या लेखी जेवत नाही असं कुणी नसतं. आग्रह कमी पडलेला असतो, एवढंच.

तिला तरी काय दोष द्यायचा. हे गावच अन्नपूर्णेचं. विश्वनाथाच्या शेजारी तिचं देऊळ आहे, आताची वास्तू अठराव्या शतकातली, पेशव्यांच्या काळातली. काशीत कुणी उपाशी झोपत नाही ही तिची हमी, अशी इथली श्रद्धा. धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत तिची सोन्याची मूर्ती दर्शनाला खुली होते आणि अन्नकूटाला मिठायांचे डोंगर रचले जातात. बाकीचं वर्षभरही इथे प्रत्येकाला कुणाला तरी खायला घालायचं असतं. घाटाच्या पायऱ्यांवर माशांना कणकेच्या गोळ्या, छतांवर कबुतरांना दाणे, गल्लीत गाईला पोळी. हिवाळ्यात उत्तरेकडून कुरव पक्षी येतात, बनारसी माणूस त्यांना सरसकट सायबेरियन म्हणतो. नाववाले शेवेच्या पुड्या विकतात. प्रवासी 'आओ आओ' करत मूठ उधळतात आणि पांढऱ्या पंखांचा गोंधळ नावेवर उतरतो. फोटो सुरेख येतात. तळलेली, मीठ लावलेली शेव त्या पक्ष्यांना सोसत नाही, असं जाणकार दरवर्षी सांगतात, आणि दरवर्षी शेव विकली जाते. पक्षी येतो, खातो, त्यामुळे देणाऱ्याला आपलं देणं बरोबर असल्याची पावती तिथल्या तिथे मिळते. मिरची ही पावती देत नव्हती. पुण्याचा हिशेब तिच्यापाशी अडला.

या शहरात अन्न नाकारण्याचा आणखी एक अर्थ आहे. गोदौलियाच्या बाजूला मुक्तिभवन आहे. मरणासाठी काशीला आलेली माणसं तिथे उतरतात. त्यांच्यातली काही हळूहळू अन्न सोडतात, मग नुसतं गंगाजल, मग तुळशीचं पान. त्यांना कुणी आग्रह करत नाही. मिटलेल्या मिरचीकडे पाहताना एका शेजारच्या काकांना तेच आठवलं. "इला वैराग्य आलंय," ते म्हणाले. काशीत कशालाही वैराग्य येऊ शकतं, हे मान्य. पण मिरचीला नाही. तिचा देह पाणी आत भरून घेऊनच उभा राहतो. आठही हात पसरणं म्हणजे अंगातली होती-नव्हती शक्ती खर्च करणं, आणि वर कुणाच्याही तोंडी सापडण्याचा धोका पत्करणं. आजूबाजूला अन्न असल्याची खूण मिळत नाही, पाणी साचलेलं आहे, अंगावर कचरा बसला आहे, अशा वेळी मिटून राहणं हाच शहाणपणाचा हिशेब. ती भुकेली होती, म्हणूनच मिटली होती. तिच्या मौनात अध्यात्म पाहणं म्हणजे तिच्या भुकेकडे पाठ फिरवणं झालं असतं.

भांड्यातल्या प्रवाळाकडे टक लावून बसणारा मी काही पहिला नाही. बोलोन्याचा काउंट मार्सिली यानं १७०६ च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ताजं पोवळं समुद्राच्या पाण्याच्या भांड्यात ठेवलं. थोड्या वेळानं त्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमलली. मार्सिलीला आनंद झाला: पोवळं ही वनस्पती, हा त्याला पुरावाच मिळाला. पुढच्या वीस वर्षांत मार्सेयचा एक वैद्य, पेसोनेल, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हेच पाहत बसला. फुलं छेडली की मिटतात, शांत ठेवली की पुन्हा येतात, आणि मेली की मांस कुजल्याची दुर्गंधी सुटते, हे त्यानं टिपलं. ही फुलं नाहीत, हे प्राणी आहेत, असं त्यानं पॅरिसच्या अकादमीला कळवलं. तिथल्या रेओम्यूर या बड्या शास्त्रज्ञानं १७२७ मध्ये ते मत अकादमीपुढे ठेवलं, पण पेसोनेलचं नाव झाकून. बिचाऱ्याचं हसं होऊ नये म्हणून. मला या गोष्टीत गंमत वाटते ती निराळीच. दोघांनी पाहिलं तेच. फरक इतकाच की एकाला जे दिसायला हवं होतं ते उमललेल्या अवस्थेत दिसलं आणि तो तिथेच थांबला. दुसरा मिटण्याकडेही बघत बसला.

मिटण्याकडे बघत बसलं की काही गोष्टी कळत जातात. दुकानात मिरची उभी ठेवतात, कारण गिऱ्हाइकाला ती तशी बरी दिसते. समुद्रात ती कपारीच्या छताला उलटी लटकते. उलटी असली की वरून पडणारा गाळ अंगावर साचत नाही. तेव्हा खडकाच्या पोटाशी, सावलीत, एपॉक्सीच्या लगद्यानं तिचं बूड चिकटवून तिला उलटं टांगलं. पाणी एकाच दिशेनं मारणारा पंप काढला आणि दिशा बदलत राहणारा छोटा पंप लावला. खाणं कमी केलं. पाणी मात्र जास्त वेळा बदललं. प्रवाहानं तिच्या अंगावरचा तपकिरी थर हळूहळू धुऊन नेला आणि खालून पुन्हा तो लाल रंग दिसू लागला.

उरला प्रश्न खुणेचा. १९५५ मध्ये लूमिस या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवलं की हायड्रा, म्हणजे प्रवाळाचा गोड्या पाण्यातला लांबचा नातलग, भक्ष्य पाहून किंवा स्पर्शानं तोंड उघडत नाही. जखमी भक्ष्याच्या अंगातून ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य पाण्यात पाझरतं, ते कळलं की उघडतो. भक्ष्य नसलं आणि नुसतं ते द्रव्य घातलं, तरी तोंड उघडतं. प्रवाळांतही अमिनो आम्लांना असाच प्रतिसाद मिळतो. म्हणजे जेवण नंतर, आधी वास. त्यामुळे आता रोटिफरच्या बाटलीतलं गाळलेलं पाणी थेंब थेंब आधी सोडायचं आणि थांबायचं. हे सगळं रात्री. विश्वनाथाची शयन आरती होऊन गेल्यावर गल्ली निवते, माजघरातला दिवा मालवतो, आणि टाकीवर फक्त एक मंद लाल बल्ब राहतो. आत्या दारात उभी राहून हा प्रकार पाहत होती. "थेंब टाकायचा आणि दिवा घालवून बाजूला व्हायचं," ती म्हणाली, "अरे, मग हा नैवेद्यच की. नैवेद्य दाखवल्यावर पडदा ओढतात, ते काय उगाच?" आग्रहाच्या पंक्तीत हयात गेलेल्या बाईला इतकं नेमकं कळलं आणि मला पुस्तकं चाळावी लागली.

एका रात्री भिंगातून पाहताना लाल अंगावर पांढरे ठिपके दिसले. ठिपक्यांचे कोंभ झाले, कोंभांचे हात. हात पूर्ण पसरायला बराच वेळ लागला. मग प्रवाहाच्या वरच्या अंगाला सिरिंज धरून मी थोडे रोटिफर सोडले. एक कण एका हाताच्या दात्यांना चिकटला. तो हात, बाकी सात हातांना काही न कळवता, आत वळला, मध्यभागी असलेल्या चिरेपाशी गेला आणि रिकामा होऊन परत सरळ झाला. शेजारचा देह तेव्हा नुसता डोलत होता. त्याच्या वाटचं काही आलं नव्हतं. असं शेकडो तोंडांनी, एकेका कणानं, ते जेवण कितीतरी वेळ चाललं. शेवेच्या मुठीवर झडप घालणारी कुरवांची झुंड ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात पाहण्यासारखं काही वाटणार नाही.

मला मात्र यातून एक गोष्ट उमगली. समुद्र कुणाला वाढत नाही. तो नुसता वाहतो. त्याच्या प्रवाहात थोडं थोडं अन्न सतत असतं. ज्याचा हात पसरलेला असेल त्याला मिळतं, मिटलेला असेल त्याला मिळत नाही, आणि पाणी पुढे जातं. उद्या पुन्हा येतं. घेणाऱ्यावर त्याचा राग नाही, लोभ नाही, आणि किती जणांना पोसलं याची मोजदाद नाही. आपलं खायला घालणं याच्या उलट. आपण एका वेळी पुष्कळ देतो, आणि समोरच्यानं ते आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत घ्यावं अशी आपली इच्छा असते. नाही घेतलं की आपण आणखी वाढतो. घरोघर हेच चाललेलं असतं: न जेवणारं मूल, औषध थुंकणारा म्हातारा, मनातलं काही न सांगणारा तरुण मुलगा. प्रत्येकापुढे ताट आपटून आपण म्हणतो, इतकं करतो तरी घेत नाही. आपण इतकं करतो म्हणूनच घेत नाही, अशी शंका फार थोड्यांना येते. थोडं, स्वच्छ, पुन्हा पुन्हा, आणि समोरच्याच्या वेळेला, इतकंच बहुधा आपल्या हातात असतं. यात देणाऱ्याची शोभा होत नाही, हे खरं. वाहत्या पाण्याचा कुणी सत्कार करत नाही.

मिरची आता बहुतेक रात्री उमलते. काही रात्री नाही. तशा रात्री मी सिरिंज धुऊन ठेवतो, पाणी तपासतो आणि झोपतो. आत्या अजूनही सकाळी पहिल्यांदा विचारते, "सुटला का उपास?"

टाकी पाहायला गल्लीतली तरुण पोरं येतात. लाल बल्बच्या उजेडात उमललेली मिरची पाहिली की त्यांचे डोळे चमकतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला: "भैया, ही मिळते कुठे?" दुकानाचा पत्ता देण्याआधी मी त्यांना हिशेब सांगतो. मिठाचा, विजेचा, चिलरचा, दोन बाटल्यांच्या शेतीचा. शैवाल नसलेली अशी प्रवाळं घरच्या टाक्यांत बहुधा काही महिन्यांतच भुकेनं मरतात, हे सांगतो. आणि शेवटी विचारतो की लग्नाकार्याला चार दिवस पुण्याला जावं लागलं, तर मागे रोज रात्री दिवा मालवून, थेंब सोडून, वाट बघत बसणारं तुमच्या घरी कोण आहे? बहुतेकांचा उत्साह इथे ओसरतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. नाद सोडून जो परत गेला, त्यानं कुठल्यातरी कपारीतल्या एका मिरचीवर मी इतक्या रात्री जागून केले त्याहून मोठे उपकार केले. समुद्रात तिला भरवायला कुणी नसतं, आणि समुद्रात ती उपाशीही नसते.